बुबुळं नसलेला वेताळ

सावित्री नदी चढू लागली की महाडच्या बाजारपेठेत माल माळ्यावर जातो. यात नवीन काही नाही. २२ जुलै २०२१ला मात्र माळाही पुरला नाही. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. त्यामुळे आपली कॉमिक्स भिजली, हे मी बरेच दिवस कुणापाशी बोललो नाही.

इंद्रजाल कॉमिक्सचे सात बांधीव खंड होते. मामा लालबागला गिरणीत होता. गणपतीला एस्टीनं पोलादपूरला उतरला की त्याच्या पिशवीत खाऊच्या खाली वेताळ असायचा. पुढे मी ते अंक बायंडरकडून पुठ्ठ्यात बांधून घेतले. बोर्ड रंगवण्यात आणि चित्रकथा काढण्यात माझं आयुष्य गेलं, त्याचं मूळ त्या पिशवीत आहे.

चिखल वाळला तशी पानाला पान चिकटली. सुरीनं एकेक सोडवताना कुठे फुगा जायचा, कुठे चेहरा. आठवडाभर हेच करत होतो. एरवी मी कथा वाचली असती. आता सांधे दिसू लागले. वेताळ मुळात वर्तमानपत्रातला. ली फॉकनं तो १७ फेब्रुवारी १९३६ला सुरू केला. रोजच्या तीन-चार चौकटी, म्हणजे पहिल्या चौकटीत कालची आठवण द्यायची आणि शेवटच्या चौकटीत उद्यासाठी जीव टांगून ठेवायचा. हेच सलग पुस्तकात घेतलं की माणूस दर पानाला अडखळतो. म्हणून संपादकाला कात्री चालवावी लागते. इंद्रजालमध्ये ती चालायची. एखादी चौकट कडेनं छाटलेली दिसे, एखादी गायबच.

फुग्यांचं दुखणं वेगळं. ते इंग्रजीच्या मापानं काढलेले. इंग्रजी कॅपिटल अक्षरं विटांसारखी एका उंचीची. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत अंतर ठेवलं नाही तर वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. मी पन्नासेक चित्रकथांत अक्षरं भरली आहेत. फुगा वाढवता येत नाही, वाक्यच कापावं लागतं. लेखक रागावतो. कापलेलं वाक्य बहुतेक वेळा बरं निघतं, पण हे त्याला सांगायचं नसतं.

फुगे गेलेली पानंही मी ठेवली आहेत. साय बॅरी १९६१पासून वेताळ काढत होता. त्याची पानं शब्दांवाचून वाचता येतात. कोण कुठून आलं, कुणाची नजर कुणावर आहे, सगळं काळ्या शाईच्या ठोकळ्यांत मांडलेलं. आणि मुखवट्याआडचे ते पांढरे डोळे. बुबुळं नाहीत. ग्रीक पुतळ्यांवरून ते सुचल्याचं फॉक सांगत असे.

त्याला ग्रीसपर्यंत जावं लागलं, आम्हाला गावच्या वेशीवर सापडलं. इंग्रजीत तो ‘द घोस्ट हू वॉक्स’. मराठीत आणताना कुणीतरी ‘वेताळ’ हे नाव दिलं, आणि कोकणातल्या पोराला पुढचं समजावायची गरज उरली नाही. वेताळ म्हणजे रात्री गावाची राखण करत फिरणारा देव. तिकडे खाली आरवलीच्या वेतोबाला आजही चपलांचे जोड वाहतात. रात्रभर फिरून देवाच्या चपला झिजतात म्हणून. इतकं सगळं तीन अक्षरांत मावलं. अख्ख्या मालिकेतलं मला सर्वांत आवडणारं लेखन हेच.

हे सगळं सुचलं ते माझ्याच पुस्तिकेच्या निमित्तानं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातलं. एका शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी त्यांची कथा चौदा भागांत काढली होती. पुढे पुस्तिका करायची ठरली, तेव्हा मी चौदाही भाग जसेच्या तसे एकापुढे एक लावले. भाची वाचत होती. म्हणाली, “मामा, हा माणूस दर दोन पानांनी स्वतःची ओळख का करून देतो?”

बसलो कात्री घेऊन. ‘मागील भागात’ तेरा ठिकाणांहून गेलं. कोंढाण्याचा कडा चढतानाच्या सहा चौकटींत ‘अंधारी रात्र होती’ असं मी तीनदा लिहिलं होतं. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच. अंधार मी शाईनं भरलाच होता, मग लिहिला कशाला? मावळ्यांचे डोळेही काढून टाकले, नुसते पांढरे ठिपके ठेवले. तेवढ्यानं कडा उंच वाटू लागला.

राहिली लग्नाची चौकट. रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले तानाजी, समोर महाराज, आणि ते वाक्य. पोलादपुरातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवा, ते म्हणून दाखवील. म्हणून मी फुगा काढला आणि आत काहीच लिहिलं नाही. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

छापून आलेल्या दोनशे प्रती शाळेत पोचल्या. महिन्यानं गेलो तेव्हा एका गुरुजींनी हसत गठ्ठा पुढे केला. छपाईत वाक्य राहून गेलेलं दिसलं, म्हणून त्यांनी सुट्टीत बसून दोनशेच्या दोनशे फुगे निळ्या बॉलपेननं भरले होते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. उकार कुठेही मात्रेत अडकला नव्हता.