उपवास कोणाचा?



दशलक्षण पर्वासाठी लेक बीडला घरी आली होती. ती पायथन शिकतेय. घरातल्या उपवासांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहायला बसली. मी शेजारी मुगाची डाळ निवडत होते.

तिने 'व्रती' नावाचा क्लास केला. क्लास म्हणजे कोरा फॉर्म: नाव, एकाशन, उपवास. एकेकीच्या नावाने भरलेला फॉर्म म्हणजे ऑब्जेक्ट. ही मांडणी नॉर्वेतल्या डाल आणि न्यूगॉर्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला भाषेत केली, हेही तिनेच सांगितलं.

मग तिने लिहिलं, 'व्रती.उपवास_नोंदव()'. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'सेल्फ' दिलेलं नाही. टाइपएरर.

"अगं, चुकलं काय?"

"आई, उपवास नोंदव म्हटलं, पण कोणाचा ते सांगितलंच नाही. ही इन्स्टन्स मेथड आहे. हिला माणूस लागतो. 'आजी.उपवास_नोंदव()' लिहिलं, की टिंबाच्या डावीकडची आजी पायथन आपोआप सेल्फच्या जागी बसवतो."

"आणि घरात व्रती किती, हे विचारायचं असेल तर?"

"ती क्लास मेथड. तिच्या वर 'क्लासमेथड' अशी खूण करायची. मग क्लासलाच विचारता येतं, कोणा एकीची गरज नाही. आजीच्या नावाने विचारलं तरी उत्तर तेच, कारण तिथे पायथन आजीला नाही, क्लासलाच पुढे करतो."

माझा डाळीतला हात थांबला.

त्याच दिवशी सकाळी मी जाहीर केलं होतं, "आपल्याकडे सगळ्यांचं एकाशन." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना साखरेचा त्रास, गोळ्या चालू. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले. साखर खाली आली होती. गूळपाणी दिल्यावर सावरल्या. तेव्हाही मला वाटलं होतं, यांनी आधी सांगायला नको का?

पण मी विचारलं कुठे होतं? घराला विचारायचा प्रश्न वेगळा आणि आत्याबाईंना विचारायचा वेगळा. कोणाचं शरीर किती झेपवेल, हे घराच्या नावाने ठरत नाही. संगणकाने निदान लाल अक्षरं तरी दाखवली. आत्याबाई गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणं मी होकार समजले.

रात्री त्यांच्या पायाशी बसले. "आत्याबाई, तुम्हाला काय झेपेल?"

थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "दोन वेळा जेवते, गोळी घेते. तूप सोडते. चालेल?"

डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनीही हेच बरं म्हटलं.

लेकीच्या प्रोग्रॅममध्ये आता प्रत्येकीच्या नावापुढे तिचा स्वतःचा नेम आहे. आजीपुढे लिहिलंय: रसत्याग, तूप. एकूण व्रतींच्या आकड्यात आजी आहेतच.

मैत्रिणींनो, पुढच्या पर्वात घराचा नेम सांगण्याआधी एकेकीला नावाने विचारा.