हिरकणीवाडीचा पाळणा

बीदरचा किल्ला पाहण्यासाठी कोणास दम लागत नाही. गावातून निघालेला मनुष्य बोलत बोलत शर्जा दरवाजा ओलांडतो आणि बहामनी सुलतानांच्या वाड्यांत जाऊन उभा राहतो. बीदर शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले असले, तरी ती उंची सबंध पठाराचीच असल्यामुळे पायांना तिची खबर नसते. आम्हां भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील मंडळींच्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटला की असा चालत जाण्याजोगा किल्लाच उभा राहतो. रायगड त्याहून फार उंच आहे असे नाही. त्याची उंची सुमारे सत्तावीसशे फूट. परंतु तो कोकणाच्या तळातून एकदम वर उठला आहे, आणि हे पुस्तकात वाचणे वेगळे व पायथ्याशी मान वर करून पाहणे वेगळे.

ते आम्ही प्रथम पाहिले १९९३ साली, वडिलांसमवेत. आम्ही तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो. वडिलांचे शालेय शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून सुरू झालेले; बाळबोध लिपी ते घरी शिकले आणि शिवचरित्र तर हाती पडेल त्या पुस्तकातून, वाटेल त्या क्रमाने वाचले. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आमचे गाव म्हैसूर राज्यात राहिले. त्याबद्दल वडिलांनी कधी तक्रार केली नाही. त्यांची इच्छा एवढीच, की एकदा रायगडी जाऊन समाधीचे दर्शन घ्यावे.

चित् दरवाजापासून आम्ही चढू लागलो. वडिलांना दम्याचा विकार होता, हे आम्हांला ठाऊक होते. तो किती वाढला आहे हे मात्र त्यांनी आम्हांला कळू दिले नव्हते. ते पायऱ्या मोजत चढत होते. तीनशे बाराव्या पायरीवर ते बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “तू जा. मी इथं बसतो. वर काय काय आहे ते नीट बघून ये आणि मला सांग.” गडाला पायऱ्या सुमारे दीड हजार. आम्ही तरुण होतो, गेलो. सायंकाळी उतरलो तेव्हा ते त्याच पायरीवर, उपरणे डोक्याला गुंडाळून बसलेले होते. परतीच्या प्रवासात लातूर येईपर्यंत आम्ही त्यांना गड सांगत होतो. ज्या वयाचे ते तेव्हा होते, त्याच वयाचे आम्ही आज आहोत.

१९९५च्या पावसाळ्यात ते गेले. पुढच्याच वर्षी, १९९६च्या एप्रिलात, रायगडावर रोपवे सुरू झाला.

वाचकहो, या दोन तारखांमधील आठ-नऊ महिन्यांचा राग आम्ही काढला तो रोपवेवरच. शिवजयंतीच्या भाषणांतून आम्ही अनेक वर्षे मुलांना सांगत आलो की, गड चढून पाहावा. तारेला लोंबकळत जाणे ही सहल झाली, यात्रा नव्हे. हे सांगताना टाळ्याही मिळत. वडिलांची तीनशे बारावी पायरी आम्ही त्या भाषणांत कधी आणली नाही.

गेल्या मार्गशीर्षात मातोश्रींनी विषय काढला. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघे दोन्ही धरलेले. दूरदर्शनवर बातमी ऐकली होती की युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ही २०२५च्या जुलैतील गोष्ट. त्यांतील अकरा किल्ले महाराष्ट्रात व बारावा जिंजीचा, तमिळनाडूत. “तुझ्या बापाचं राहिलं ते राहिलं,” त्या म्हणाल्या, “मला तरी त्या पाळण्यात बसवून ने की रं.” आमच्या भाषणांचा विषय घरात कोणी काढला नाही, हे त्यांचे उपकार.

भालकीहून रात्रीच्या गाडीने पुणे, तेथून भाड्याच्या जीपने ताम्हिणी घाट उतरून पाचाड. बरोबर आमची कन्या होती. ती कलबुर्गी येथे यंत्र अभियांत्रिकी शिकते. पाचाडास प्रथम जिजाऊंच्या समाधीपाशी थांबलो. गडावरची थंड हवा व वारा मातुःश्रींना मानवत नसे म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला, असे सांगतात. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊंनी पाचाडास देह ठेवला. आमच्या मातोश्रींनी हे ऐकून घेतले आणि वर डोंगराकडे पाहून एवढेच विचारले, “मग त्यांना वर कसं नेत असतील?” इतिहासाच्या पुस्तकांतून आम्हांला हा प्रश्न कधी पडला नव्हता. डोलीतून, पालखीतून, माणसांच्या खांद्यावरून, असे आम्ही सांगितले. तेव्हाही कोणाचे तरी खांदेच लागत होते.

रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. हिरकणी गवळणीची कथा कोणास ठाऊक नाही? संध्याकाळी दरवाजे बंद झाले, तान्हे बाळ घरी, आणि ती माउली ज्या कड्यावरून कोणी उतरू शकणार नाही असे मानले जात होते, त्या कड्यावरून रात्री उतरली. महाराजांनी तेथे बुरूज बांधून तिचे नाव दिले. दंतकथा असेल, परंतु त्याच नावाच्या वाडीतून आज म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि अपंग माणसे कड्यावरून वर चढतात, हा योग कोणा कादंबरीकारालाही जुळवता आला नसता.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी वारा सुटला होता आणि ट्रॉल्या उभ्या होत्या. रांगेत पुष्कळ माणसे कुरकुरत होती. आम्हांला मात्र ते थांबणे पटले. दोरावरच्या वाहनाचा खरा वैरी वारा. वाऱ्यात जो चालवत नाही तोच भला माणूस. त्या दोन तासांत कन्येने आम्हांला यंत्र समजावून दिले. तिचे मराठी कानडी-इंग्रजी मिसळून चालते, म्हणून येथे आमच्या शब्दांत सांगतो. विहिरीच्या चाकावर दोन्ही टोकांना पोहरे बांधावेत, एक खाली गेला की दुसरा वर यावा, तसेच हे. वरच्या ट्रॉल्या उतरतात, त्यांच्या भाराने खालच्या चढण्यास मदत होते. मोटरला ओढावा लागतो तो दोन्ही भारांतील फरक आणि घर्षण. युक्ती सोपी आणि काटकसरीची. पण तिच्यातच तिची मर्यादाही आहे. एका खेपेला जेवढी माणसे मावतील तेवढीच जाणार. एक जोडी जाऊन दुसरी येईपर्यंत बाकीच्यांनी उभे राहायचे. गर्दी वाढली म्हणून अशा मार्गावर वाटेल तितक्या ट्रॉल्या टांगता येत नाहीत. मार्ग वाढवायचा तर दोर, खांब, ब्रेक, स्थानके सारेच नव्याने आखावे लागते. गिरनारवर २०२० साली सुरू झालेल्या रोपवेसारखी अखंड फिरणाऱ्या दोराची तऱ्हा घ्यावयाची, तर वरच्या टोकाला जागा अधिक हवी. आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास कायद्याची मनाई आहे, त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते.

“आणि दोर म्हातारा होतो का गं?” मातोश्रींनी नातीला विचारले.

होतो. पोलादाच्या बारीक तारा पिळून तो केलेला असतो. वर्षानुवर्षे चाकांवरून वाकून-सरळ होऊन आतली एखादी तार तुटते, बाहेरून दिसत नाही. कोकणातील चार महिन्यांचा पाऊस गंज चढवतो. म्हणून त्याला वंगण द्यावे लागते, चुंबकीय यंत्राने आतून तपासावे लागते आणि वेळ आली की जिवाला न लागता बदलावे लागते. माणसाच्या म्हातारपणाला एवढे कोणी करीत नाही, असे मातोश्री म्हणाल्या. आम्ही ऐकले न ऐकलेसे केले.

या खुर्च्या-पाळण्यांचे मूळ मोठे गमतीचे आहे. बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी जगातील पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे झाली. रेल्वे कंपनीचा जेम्स करन नावाचा अभियंता पूर्वी जहाजांवर केळीचे घड चढविण्याच्या यंत्रांवर काम करीत असे. आकड्याला घड लटकतो तसा मनुष्य बसवावा, ही कल्पना त्याला तेथून सुचली. आपल्याकडे बर्फाच्या खेळाची ठिकाणे औली आणि गुलमर्ग. गुलमर्गचा गोंडोला १९९८ साली सुरू झाला व २००५ साली त्याचा दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यापर्यंत नेला गेला. औलीची कथा मात्र काळजी वाटावी अशी आहे. जोशीमठापासून सुमारे चार किलोमीटर लांबीचा तो प्रसिद्ध रोपवे २०२३च्या जानेवारीत बंद करावा लागला, कारण जोशीमठची जमीनच खचू लागली. दोर शाबूत, यंत्र शाबूत, आणि पायाखालचा डोंगर सरकलेला. २०२२च्या एप्रिलात देवघरजवळ त्रिकूट पर्वतावर ट्रॉल्या अडकल्या, तीन माणसे गेली, आणि हवाई दलाला दोन दिवस माणसे उचलावी लागली.

तरीही सर्वत्र नवे मार्ग काढण्याची घाई चालली आहे. २०२२च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ‘पर्वतमाला’ योजना आली. वणीच्या सप्तशृंगीवर २०१८पासून रुळांवरील ट्रॉली आहे. आमच्या शेजारच्या माहूरगडी रेणुकामातेकडे जाण्यासाठी लिफ्ट व स्कायवॉकचे भूमिपूजन २०२३ साली झाले. आमच्या कर्नाटकात नंदी हिल्सच्या रोपवेची पायाभरणी झाली, तर म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवरचा बेत लोकांच्या विरोधामुळे २०२२ साली सोडून दिला गेला. रायगडाच्या वाढीव रोपवेचे बोलणेही वारंवार निघते.

वारा पडला. चार-पाच मिनिटांत आम्ही वर होतो. खाली भाताची कापलेली खाचरे लहान होत गेली, कडा हात लावावा इतका जवळ आला. मातोश्रींनी डोळे मिटले नव्हते. मिटले होते ते आम्ही.

वर मेणा दरवाजापाशी उतरल्यावर सावकाश चाललो. राणीवशाचे चौथरे, राजसभा, बाजारपेठ. बाजारपेठेच्या जोत्यांवर मातोश्री चार ठिकाणी बसल्या आणि प्रत्येक ठिकाणी इथे काय विकत असतील ते नातीशी ठरवू लागल्या. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. ते वाचून दाखविले. समाधीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. १८९६ साली लोकमान्यांनी याच गडावर शिवोत्सव भरविला, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी रोपवे झाला, असे काहीतरी आम्ही शिक्षकी सवयीने सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हाताने थांबविले.

त्या दिवशी गर्दी साधारण होती. तरीही गंगासागरापासून टकमकापर्यंत माणसेच माणसे, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि मोबाइल उंच धरलेले हात. राजधानीसाठी हा डोंगर निवडला तो वाट एकच राहावी, अवघड राहावी म्हणून. ती वाट आपण रुंद करतो आहोत, तेव्हा वरच्या पाण्याचा, शौचकूपांचा, जोत्यांवरून फिरणाऱ्या पावलांचा हिशेब आधी मांडला पाहिजे. ताशी किती माणसे वर नेता येतील, हा प्रश्न अभियंते सोडवतील. गड एका वेळी किती माणसे झेलू शकेल, हे कोणी ठरवायचे? आमचे मत विचाराल तर, जुन्या दोराची निगा आणि पायऱ्यांची डागडुजी यांचा पैसा नव्या स्थानकांकडे वळू नये. आणि रांगेत पहिली जागा म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची, लेकुरवाळ्यांची असावी. धडधाकट माणसाने चढावे. पूर्वी आम्ही ‘सर्वांनी चढावे’ म्हणत असू. त्या ‘सर्वां’त वडील नव्हते, हे लक्षात यायला आम्हांला तीस वर्षे लागली.

उतरल्यावर आम्ही जीप परस्पर महाडकडे नेण्यास सांगणार, तोच मातोश्री म्हणाल्या, “ते बसले होते ती पायरी दाखव.”

“माय, ती तीनशे बारावी. तुला चढवायची नाही.”

“मग खालूनच दाखव.”

चित् दरवाजापाशी गेलो. तेथून ती पायरी दिसत नाही, वाट वळते. मातोश्री नातीचा हात धरून चढू लागल्या. मोजत होत्या. नऊ झाल्यावर बसल्या. कन्या खाली आली, पाण्याची बाटली घेतली आणि काही न बोलता वळणाआड वर गेली. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परतली. “तीनशे बारा मोजल्या, अप्पा. तिथं बसायला चांगली सपाट जागा आहे. वारा येतो.”

मातोश्रींनी पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला. घाटात धुके धरेल म्हणून जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला; पण डबा संपेपर्यंत कोणी उठले नाही.