साधा व चालू

इंग्रजीतील वर्तमानकाळ मी लहानपणी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोटला व पुढे तीस वर्षे नाशकात शिकविला. त्यातील चूक आपल्या नजरेतून सुटणे नाही, असा माझा अभिमान! परवा एका विद्यार्थ्याने लिहिले, 'माय फादर इज लिव्हिंग इन नाशिक.' मी तांबड्या शाईने ते खोडून वर 'लिव्ह्ज' लिहिले. नित्याच्या गोष्टीस साधा वर्तमानकाळ, तात्पुरत्या गोष्टीस चालू. आणि वडिलांचे बिऱ्हाड तात्पुरते कसे असेल?

मुलगा हळूच म्हणाला, "सर, आम्ही सुरगाण्याकडचे. ऑक्टोबरच्या छाटणीला वडील इकडे द्राक्षबागेत येतात. काम सरले की परत जातात."

मी निरुत्तर झालो. मराठीत सहसा दोहींकडे 'राहतात' एवढ्याने भागते; इंग्रजी मात्र विचारते, कायमचे की तूर्त? नियम मला पाठ होता. त्याचा अर्थ त्या मुलाच्या घरी दरसाल कळत होता. मी माझीच दुरुस्ती खोडली. घराविषयी बोलताना चालू काळ वापरण्याची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती, एवढेच!