अर्धलीची शेळी

गावाकडच्या व्यवहारात अर्धली ही सरळ गोष्ट आहे. ज्याच्याकडे ऐपत आहे तो शेळी देतो, ज्याच्याकडे वेळ आणि हात आहेत तो ती सांभाळतो, आणि होणारी करडं दोघांत निम्मी वाटली जातात. देणारा बहुधा जमीनवाला, सांभाळणारा भूमिहीन. माझ्या बाबतीत मात्र हे उलटं झालं. तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या कडेला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. पुण्यातली नोकरी सोडून मी तिथं राहायला आलो, तेव्हा मला अर्धलीनं शेळी दिली ती नावावर गुंठाभरही जमीन नसलेल्या आत्यानं. माझ्या वडिलांना ती भाऊ म्हणायची, म्हणून आमची आत्या. रक्ताचं नातं काही नव्हतं.

शेळी मला बाजारातूनच आणायची होती. आत्या म्हणाली, ‘‘बाजारात सगळ्याच शेळ्या गाभण असतेत, लेकरा.’’ मग तिनं आपल्या दावणीतल्या शेळीचा जबडा उघडून दाखवला. दुधाचेच दात असले तर अदात, पुढचे दोन मोठे आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळलेली. कास चाचपून दोन्ही सड सारखे आहेत का ते पाहायचं. आणि एवढं सगळं पाहून झालं तरी पैसे लगेच काढायचे नाहीत. बाजूला उभं राहून ती रवंथ करते का, चालताना लंगडते का, हे बघायचं.

पुस्तकं मी वाचलेली होती. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, माज साधारण २१ दिवसांनी फिरून येतो, पावसाळ्याच्या तोंडाला आंत्रविषाराची लस टोचायची, हे सगळं वहीत उतरवलेलं होतं. पण रात्री गोठ्यात उभं राहिल्यावर वहीतलं काही विचारावं असं समोर येतच नाही. शेळी सारखी उठते, बसते, पाय झाडते. ही कळ की नुसती अस्वस्थता? करडू जन्मलं, पण उभं राहत नाही. हात लावायचा की वाट पाहायची? डोळे पाणावलेत, ते धुळीनं की तापानं? नवख्या माणसाला एक तर प्रत्येक खोकला मरणाचा वाटतो, नाही तर खरं मरण दारात येऊनही ओळखू येत नाही.

आत्याकडून मला मिळालं ते हेच, की थांबायचं कुठं आणि धावायचं कुठं. पहिल्या वेताला ती आमच्या गोठ्यात पोत्यावर बसून होती. पहिलं करडू आलं. नाका-तोंडावरचा चिकटा तिनं बोटानं काढला, करडू शेळीपुढं सारलं आणि हात मागं घेतले. ‘‘तिला चाटू दे. चाटली की ओळख पटती.’’ थोड्या वेळानं दुसरं आलं. करडाला चीक पाजायला मात्र तिनं क्षणाचाही उशीर होऊ दिला नाही. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे, हा तिचा दंडक. वार लोंबत होती तेव्हा मला ती ओढून काढावीशी वाटत होती. आत्यानं नुसती मान हलवली. वार आपोआप पडते. ओढली तर आत इजा होते. दुसऱ्या दिवशीपर्यंत पडली नाही तर मग डॉक्टर.

डॉक्टरांशी तिचं कधीच वाकडं नव्हतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळा पाला खाऊन एका शेळीची डावी कूस तटतटून फुगली. वाजवलं तर ढोलासारखा आवाज. आत्यानं गोडंतेल मागितलं आणि मला शेळीचं तोंड धरायला सांगितलं, पण वर आभाळाकडे नव्हे. मान सरळ ठेवून, घोट घोट. मान फार उचलली की तेल छातीत उतरतं. कूस चोळत चोळतच तिनं मला दवाखान्यात फोन लावायला लावला. डॉक्टर आले, त्यांनी पुढचा इलाज केला आणि जाताना मला थर्मामीटर वापरायला शिकवलं. निरोगी शेळीचं अंग १०२-१०३ फॅरनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. माझ्या निम्म्या धास्तीला त्या एका आकड्यानं उतार पडला.

पुढं एकदा बांधावर बसून ती १९७२च्या दुष्काळाचं सांगत होती. लोकांनी गाई-बैल कवडीमोलानं विकले. तिच्या आईजवळ दोन शेरडं राहिली, बोरी-बाभळीच्या पाल्यावर जगली, आणि घरही जगलं. बोलता बोलता ती म्हणाली, ‘‘ह्याच बांधावरून तुमच्या आजानं आमाला लई वेळा हुसकलं.’’ रागानं नव्हे, पावसाचं सांगावं तसं. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या वेतातली एक पाट, म्हणजे मादी करडू, तिनं वाट्याला घेतली आणि अर्धली मिटल्याचं जाहीर केलं. हिशोबात ती पक्की. दोन पाटींपैकी चांगली तिनं निवडून घेतली आणि मला ते सांगूनही टाकलं. तिनं जागवलेल्या रात्रींचे पैसे मी पुढं केले, तेव्हा मात्र ती चिडली. शेळीचा हिशोब असतो, सांगितल्याचा कसला, असं तिचं म्हणणं.

जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, शेळीची जात मात्र उस्मानाबादीच राहिली. लातूर, उदगीर, तुळजापूर हा तिचा मूळ मुलूख. त्यातले लातूर-उदगीर १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेले. बहुतेक काळा रंग, लोंबते कान, दूध आणि मांस दोन्हींसाठी उपयोगी, जुळ्यांसाठी प्रसिद्ध, असं तिचं वर्णन सरकारी पुस्तिकांत असतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनंही या जातीवर काम केलं आहे. पण जुळी देणारी राखायची आणि एकटं देणारी बाजारात न्यायची, ही निवड आत्या आयुष्यभर करत आली, तिच्या आधी तिची आई. अशा निवडींतूनच जात घडते. म्हणून माझं देणं एका पाटीवर मिटत नाही. ज्यांना आम्ही बांधावरून हुसकत होतो त्यांनी घडवलेल्या जनावरावर आज माझं घर चालतं, आणि सुगी झाल्यावर आत्याची शेरडं आमच्या रानात चरतात ती माझ्या मेहेरबानीनं नव्हे, तिच्या हक्कानं.