‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण किती सहजपणे उच्चारतो! परंतु या म्हणीच्या आड एक आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकेल; चष्मा कशासाठी असतो हेच उमगेनासे होणे ही मात्र स्मृतिभ्रंशाची खूण होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती, म्हणजे ७.४ टक्के, या विकाराने ग्रस्त आहेत.

माझ्या सासूबाईंचे आयुष्य नाशिकच्या पंचवटीत गेले. आता गंगापूर रस्त्यावरील आमच्या घरी दिवस कलू लागला की त्या पिशवी भरतात आणि म्हणतात, ‘मला घरी जायचंय.’ ‘हेच तुमचे घर’ असे सांगितल्यास त्या अधिकच घाबऱ्या होतात. ‘आई, आधी चहा घेऊ, मग निघू’ म्हटले की शांत होतात. सायंकाळी वाढणारी ही अस्वस्थता या आजारात पुष्कळदा दिसते. अशा वेळी चूक दुरुस्त करू नये, भीती दूर करावी.

अशी लक्षणे दिसताच मेंदूविकारतज्ज्ञांना अथवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही स्मरण मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. अल्झायमरमध्ये मात्र औषधे गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. तेथे काळजी हाच मुख्य आधार.

‘अस्तु’ या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत निघून जातात. ही केवळ पडद्यावरची गोष्ट नव्हे. रुग्णाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी सदैव असावी.

काळजी कोठे घ्यावी, हा प्रश्न घराघरांत कलह निर्माण करतो. आमच्याकडेही पती आणि नणंद यांचे एकमत नव्हते. आजाराच्या आरंभी सासूबाईच म्हणाल्या होत्या, ‘मला कोंडून ठेवू नका, एवढंच.’ तेच वाक्य आमची कसोटी ठरले. सध्या दिवसभर एक मदतनीस ताई येतात. रात्रीची जागरणे कोणाच्याच प्रकृतीला झेपेनाशी झाली, तर निवासी केंद्राचा विचार करायचा, हे आम्ही आधीच ठरवून लिहून ठेवले आहे. केंद्र पाहताना रात्री किती सेवक असतात, रुग्णास बांधून ठेवतात का, कोणत्याही वेळी भेटू देतात का, हे अवश्य विचारावे.

अशा केंद्राची निवड म्हणजे आईला टाकणे नव्हे. रुग्णाची इच्छा तो सांगू शकतो तोवरच विचारून घ्यावी. बँकेचे व्यवहारही तेव्हाच मार्गी लावावेत. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आहे. आणि घरात एकटीच कोणी ही सेवा करीत असेल, तर आठवड्यातील एक दुपार तिला मोकळी द्या. तिची प्रकृती टिकली, तरच रुग्णाचा आधार टिकेल.