लाकडाचे विमान

खोटे बोलणे हे पाप आहे, ही गोष्ट आम्ही बाळपणीच शिकलो. परंतु उत्तम खोटे घडविण्यास किती प्रामाणिकपणा लागतो, हे उमजावयास मात्र आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली.

आमचे बालपण पिंपरीच्या एका कामगार वसाहतीत गेले. तेथे गणेशोत्सवात पडदा बांधून चित्रपट दाखवीत. एका वर्षी प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. देहू आमच्यापासून चार-पाच कोसांवर; त्यामुळे आजीच्या लेखी ती शेजारगावची हकीकतच होती. शेवटी वैकुंठाचे विमान अवतरले आणि आजीने हात जोडले. आम्ही तेव्हा सातव्या इयत्तेतले पंडित! मोठ्याने म्हणालो, "आजी, नमस्कार कसला करतेस? लाकडाचं आहे ते!" भोवतालची मुले हसली. आजीने मुकाट्याने हात खाली घेतले व पदर सावरला. ते खाली आलेले हात आम्हांस अद्याप दिसतात.

वडील एका कारखान्याच्या फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणे हा त्यांचा धंदा. ते रागावले नाहीत. रात्री एवढेच म्हणाले, "लाकडाचं होतं, खरं आहे. पण ते लाकडाचं दिसू नये म्हणून कुणी किती खपलं असेल, ते तुला दिसलं नाही."

ते पुढे आम्ही पुस्तकांतून पाहिले. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर दिवसामागून दिवस टिपून काही क्षणांत वाढविला. त्यात शेतकऱ्याचा धीर अधिक आणि जादूगाराची चलाखी थोडी. 'संत तुकाराम' 1936 सालचा. त्याचे दिग्दर्शक दामले व फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि बाबूरावांनी तर कॅमेराही स्वतःच घडविला होता. त्या काळी एका चित्रात दोन दृश्ये आणावयाची तर भिंगापुढचा अर्धा भाग काळ्या आच्छादनाने झाकावयाचा, चित्रण करावयाचे, फीत मागे गुंडाळावयाची, आणि मग झाकलेला भाग उघडून व उघडा भाग झाकून पुन्हा चित्रण करावयाचे. हात किंचित चुकला की पहिलेही काम वाया!

पाश्चात्त्यांच्या विज्ञानपटांतही हीच कथा. मेलियेसने 1902 साली रंगविलेल्या पडद्यांवर चंद्र गाठला. 1933 सालचा अजस्र किंग काँग बहुतेक दृश्यांत हातभर उंचीचा बाहुला होता. यात गणितही आहे. एक-षोडशांश आकाराचा मनोरा खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वेळात कोसळतो. म्हणून सेकंदाला 24 ऐवजी 96 चित्रे घेतली, तरच तो पडद्यावर भारदस्तपणे कोसळतो. ठेंगण्या वस्तूस वजन देण्याची ही युक्ती आम्हां प्राध्यापकांसही उपयोगी पडावी!

आमचे चिरंजीव चाकणला एका मोटारींच्या कारखान्यात यंत्रमानवांवर देखरेख करतात. त्यांस आम्ही सांगितले, की 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली अवकाशयाने बहुधा जागच्या जागी असत, धावे तो कॅमेरा. आणि तोच मार्ग तो तसूभरही न चुकता पुनःपुन्हा आक्रमी. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे आमचा वेल्डिंगचा हातच की!" वडील असते तर या उत्तराने संतोषले असते.

गेल्या गणेशोत्सवात आम्ही दोघांनी घरीच 'संत तुकाराम' पाहिला. विमान आले. चिरंजीवांनी हळूच विचारले, "बाबा, लाकडाचं असेल ना?"

"हो," आम्ही म्हणालो. आजीस जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आमचे हात मात्र जोडलेलेच होते; ते आम्ही दृश्य संपेपर्यंत खाली घेतले नाहीत.