फळीवरचा घाट

खेळांतली आगगाडी वर्तुळांत फिरविणें सोपें. परंतु आमच्या तळघरांत वर्तुळास जागाच नव्हती. भिंतीलगत १२ फूट लांब व १ फूट रुंद फळी तेवढी बसत होती. ह्या अडचणीमुळेंच आम्हां भावंडांस बोरघाट आठवला.

१८६३ सालीं सुरू झालेल्या त्या घाटमार्गावर गाडी वळविण्यास डोंगरांत जागा नव्हती. म्हणून खंडाळ्याखालीं असें स्थानक केलें, कीं गाडी तेथें थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास जोडीत, आणि ती उलट दिशेनें पुढचा चढ चढे. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर हा क्रम थांबला.

तीच युक्ति आम्ही फळीवर योजिली. १:८७ प्रमाणाचे, १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ घेतले. घाटाचा तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. म्हणून ६ फुटांच्या टप्प्यास सुमारें २ इंच उंची दिली. चार डबे जोडतां इंजिनाचीं चाकें घसरत. तीन डबे मात्र तें निमूटपणें ओढी.

कागदाच्या लगद्याचे डोंगर झाले, बोगदे झाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारल्यावर पत्नी अ‍ॅलिस हिनें काम पुढें चालविलें. हीं नांवें ग्रंथांत आहेत. घाट फोडतांना रोगराईनें व अपघातांनीं मेलेल्या हजारों मजुरांचीं नांवें कोण जाणतो? म्हणून बोगद्याच्या तोंडाशीं आम्ही पाऊण इंच उंचीचीं मातीचीं माणसें उभीं केलीं. गाडी पाहावयास येणाऱ्यांस आम्ही आधीं तींच दाखवितों.